कोष्टकातले दोन गाळलेले रकाने

संप्रेरकांचा पाठ शिकवायला सोपा आहे, असे आम्हांला बरीच वर्षे वाटत होते. एक कोष्टक असते. ग्रंथी, तिचे स्थान, संप्रेरक आणि कार्य असे चार रकाने फळ्यावर आखायचे, मुलांनी ते वहीत उतरवून घ्यायचे आणि पाठ करायचे. परीक्षेत 'जोड्या लावा' ठरलेलेच. स्वादुपिंड म्हटले की इन्सुलिन, अधिवृक्क म्हटले की अ‍ॅड्रेनलीन. मुलांना गुणही चांगले पडतात.

आम्ही सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विज्ञान शिकवणारे काही शिक्षक आहोत. हा पाठ आम्ही नुकताच एकत्र बसून पुन्हा वाचला. त्याला निमित्त झाले मुलांनी विचारलेल्या तीन प्रश्नांचे.

पहिला प्रश्न तासगावकडच्या एका वर्गातला. "सर, बागेत घड जीएच्या पाण्यात बुडवतात. ते हार्मोन असतं म्हणे. मग ती द्राक्षं खाल्ली की आपल्या अंगातही काही वाढतं का?" दुसरा प्रश्न कोरेगावकडचा. "म्हशीला पान्ह्याचं इंजेक्शन देतात. ते दूध प्यायलं की मुली लवकर वयात येतात, असं आजी सांगते. खरं का, बाई?" तिसरा प्रश्न तर कुठल्याही गावातला असू शकतो. "माझ्या बाबांना इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं, पण आईला थायरॉइडची गोळी चालते. असं का?"

तिन्ही मुलांना कोष्टक तोंडपाठ होते. पण त्यातल्या एकाही रकान्यात त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आम्हांलाही ते लगेच देता आले नाही. जो पाठ दूध, द्राक्षे आणि घरातले औषध यांबद्दल काहीच सांगू शकत नाही, त्यात काहीतरी उणे आहे. ते नेमके काय, हे शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी पाठाची चांगली बाजू सांगितली पाहिजे. २०१७ साली आलेल्या नववीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' या पुस्तकात वनस्पतींची संप्रेरके आणि माणसाच्या अंतःस्रावी ग्रंथी एकाच पाठात येतात. ही मांडणी योग्य आहे. नियंत्रणाचे दोन मार्ग असतात, एक चेतांचा आणि दुसरा रसायनांचा, हे मुलांना त्यातून कळते. मग अडते कुठे? आमच्या मते तीन ठिकाणी: शब्दांत, 'रासायनिक दूत' या उपमेत आणि कोष्टकाच्या रकान्यांत.

शब्दांपासून सुरुवात करू. पुस्तकात शब्द आहे 'संप्रेरक'. औषधाच्या दुकानात म्हणतात 'हार्मोन'. आणि बागायतदार, कृषी सहायक, खतांची जाहिरात या सगळ्यांच्या तोंडी असतो तो 'संजीवक'. मुलगा घरी संजीवक ऐकतो आणि शाळेत वनस्पती-संप्रेरक पाठ करतो. दोन्ही एकच आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही. आमच्यापैकी एकाने वर्गात विचारले, "जिबरेलिन कोणी पाहिले आहे?" एकही हात वर आला नाही. "जीएची पुडी कोणी पाहिली आहे?" असे विचारल्यावर निम्मा वर्ग उभा राहिला. 'जीए' म्हणजे जिबरेलिक आम्लच, हे कळल्यावर त्या तासाला जी शांतता पसरली, ती जोड्या लावताना कधी पसरली नव्हती.

हे दोन्ही शब्द आणखी एका बाबतीत फसवतात. संप्रेरक म्हणजे प्रेरणा देणारा. पण अ‍ॅबसिसिक आम्ल वाढ रोखते. सोमॅटोस्टॅटिन इन्सुलिनचे स्रवणे कमी करते. ही प्रेरणा म्हणायची की लगाम? अर्थात हा दोष मराठीने एकटीने केलेला नाही. स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०५ साली 'हार्मोन' हा शब्द वापरात आणला, तो ज्या ग्रीक क्रियापदावरून घेतला त्याचाही अर्थ चेतवणे, चालना देणे असाच आहे. तेव्हा शब्द बदलण्याची गरज नाही. 'संप्रेरक चालना देते किंवा थांबवते' एवढे वाक्य शिकवताना जोडले तरी पुरे.

आता 'रासायनिक दूत' ही उपमा पाहू. आम्ही सगळ्यांनीच ती वापरली आहे. पण दूताला पत्ता माहीत असतो. तो एका घरी जातो, निरोप देतो आणि परत येतो. संप्रेरकाला पत्ता ठाऊक नसतो. ते रक्तात मिसळते आणि रक्त जिथे जाते तिथे पोचते: यकृतात, स्नायूंत, डोळ्यांत, पायाच्या अंगठ्यातही. मग परिणाम ठरावीक ठिकाणीच का होतो?

त्यासाठी आकाशवाणीची उपमा आम्हांला जास्त जुळती वाटते. सांगली केंद्राचा कार्यक्रम सुरू असतो तेव्हा त्याच्या लहरी टप्प्यातल्या प्रत्येक घरावरून जातात. भिंतीवरून, झाडावरून, गोठ्यावरूनही. पण ऐकू येते ते फक्त जिथे रेडिओ आहे आणि तो त्या केंद्रावर लावलेला आहे तिथेच. पेशीतला हा रेडिओ म्हणजे 'ग्राही'. ग्राही हे एक प्रथिन असते आणि ठरावीक संप्रेरकच त्याच्यात नीट बसते. ज्या पेशीत ग्राही नाही, तिच्या लेखी ते संप्रेरक असून नसल्यासारखेच. शिवाय एकच कार्यक्रम ऐकून शेतकरी फवारणी ठरवतो आणि गृहिणी वाळवण आत घेते. तसेच एकाच अ‍ॅड्रेनलिनने हृदयाचे ठोके वाढतात आणि त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. निरोप तोच असतो. ऐकणारा वेगळा असला की काम वेगळे होते.

एवढे मान्य केले की कोष्टकातले दोन गाळलेले रकाने आपोआप दिसू लागतात. एक: हे संप्रेरक कशाचे बनले आहे? दोन: त्याचा ग्राही कुठे आहे?

पहिला रकाना भरून पाहू. माणसाच्या शरीरातल्या बहुतेक संप्रेरकांचे ढोबळ तीन गट पडतात. पहिला गट अमिनो आम्लांच्या साखळ्यांचा. यात छोट्या साखळ्या आहेत तशी मोठी प्रथिनेही आहेत. ऑक्सिटोसिन ९ अमिनो आम्लांचे, ग्लुकॅगॉन २९ आणि इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचे. ही पाण्यात विरघळतात, पण पेशीचे पटल स्निग्ध पदार्थांचे असल्याने त्यांना आत शिरता येत नाही. म्हणून त्यांचे ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर असतात. संप्रेरक बाहेरून दार ठोठावते आणि निरोप आत नेतात ते दुसरेच रेणू. अशा एका रेणूचा, चक्रीय एएमपीचा, शोध सदरलँड यांनी १९५० च्या दशकात लावला आणि १९७१ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या गटातल्या बहुतेक संप्रेरकांचे काम सेकंदा-मिनिटांत सुरू होते आणि ती लवकर नष्टही होतात. रक्तातल्या इन्सुलिनचे प्रमाण पाचएक मिनिटांत निम्म्यावर येते.

दुसरा गट स्टेरॉइडांचा. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन ही सगळी कोलेस्टेरॉलपासून बनतात. ती स्निग्ध पदार्थांत विरघळतात, म्हणून पटल ओलांडून थेट आत जातात. त्यांचे ग्राही मुख्यतः पेशीच्या आत असतात आणि ही जोडी केंद्रकात जाऊन कोणती जनुके चालू वा बंद ठेवायची ते ठरवते. नवी प्रथिने तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून परिणाम दिसायला तास, कधी दिवस लागतात.

तिसरा गट एकाच अमिनो आम्लावर थोडे काम करून बनवलेल्या संप्रेरकांचा. यात गंमत आहे. अ‍ॅड्रेनलीन आणि थायरॉक्सिन दोन्ही टायरोसीनपासून बनतात. पण अ‍ॅड्रेनलीन पहिल्या गटासारखे बाहेरून दार ठोठावते. थायरॉक्सिन मात्र दुसऱ्या गटासारखे आत शिरून केंद्रकापर्यंत काम करते आणि रक्तात त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे आठवडा लागतो.

आई-बाबांच्या औषधाचे कोडे इथेच सुटते. इन्सुलिन हे प्रथिन आहे. गिळले तर डाळीतल्या किंवा अंड्यातल्या प्रथिनासारखे त्याचेही पचन होते, अमिनो आम्ले सुटी होतात आणि निरोप पुसला जातो. म्हणून ते टोचावे लागते. थायरॉक्सिन पचनात तुटत नाही, आतड्यातून शोषले जाते आणि बरेच दिवस टिकते. म्हणून रोज एक गोळी पुरते. नियम म्हटला की अपवाद आलेच. अमिनो आम्लांच्या साखळीचे सेमाग्लुटाइड हे मधुमेहाचे औषध २०१९ पासून गोळीच्या रूपातही मिळू लागले. पण त्यासाठी गोळीत शोषणाला मदत करणारा वेगळा पदार्थ घालावा लागतो आणि तरीही गिळलेल्या औषधाचा अगदी थोडा भाग रक्तात पोचतो.

आता आजीच्या दुधाचा प्रश्न. म्हशीच्या कासेतले बहुतेक दूध वरच्या बारीक पिशव्यांत साठलेले असते, सडाजवळच्या पोकळीत फार थोडे. रेडकाने ढुसण्या दिल्या की सडातल्या चेतांमार्फत संदेश मेंदूकडे जातो, पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात सुटते, पिशव्यांभोवतीच्या पेशी आकुंचन पावतात आणि पान्हा फुटतो. परका माणूस गोठ्यात आला की म्हैस पान्हा चोरते. याचे कारण असे की भीतीच्या वेळी सुटणारे अ‍ॅड्रेनलीन या कामात अडथळा आणते. दोन संप्रेरकांची ही ओढाताण आपल्याकडच्या अनेक मुलांनी रोज सकाळी पाहिलेली असते. तिचा उल्लेख करायला कोष्टकात जागा नाही.

रेडकू मेले किंवा घाई असली की काही जण ऑक्सिटोसिन टोचतात. ते इंजेक्शन दिलेल्या म्हशीचे दूध मुलींना लवकर वयात आणते का? आपल्या नव्या रकान्यात पाहू. ऑक्सिटोसिन ९ अमिनो आम्लांचे आहे, रक्तात काही मिनिटेच टिकते आणि दुधातून पोटात गेलेच तर पचते. शिवाय वयात येण्याची सुरुवात हायपोथॅलॅमसमधल्या दुसऱ्याच संप्रेरकाने होते. तेव्हा आजीचे म्हणणे टिकत नाही. पण म्हणून टोचणे योग्य ठरत नाही. त्याची किंमत जनावर मोजते. वारंवार टोचलेले जनावर सुईशिवाय पान्हा सोडेनासे होते. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक ठरणारे इंजेक्शन देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कारण चुकीचे असले तरी विरोध बरोबर असू शकतो. हा फरक मुलांना शिकवण्याची ही चांगली संधी आहे.

इथे कारण नीट माहीत असणे महत्त्वाचे का, हे २०१८ साली दिसले. दुग्धव्यवसायातला गैरवापर थांबावा म्हणून केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये खाजगी कंपन्यांना देशातल्या वापरासाठी ऑक्सिटोसिन बनवायला बंदी करणारी अधिसूचना काढली. पण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी हेच औषध वापरतात. ते वेळेवर मिळाले नाही तर बाळंतिणीच्या जिवावर बेतते. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. गोठ्यातले आणि प्रसूतिगृहातले रसायन एकच आहे, हे आमच्या किती विद्यार्थ्यांना माहीत आहे?

पहिल्या रकान्याचा आणखी एक उपयोग सांगितलाच पाहिजे. सांधेदुखीवर किंवा दम्यावर 'एका दिवसात गुण' देणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्या बाजारात विकल्या जातात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. स्टेरॉइड गिळले तरी शोषले जाते, ग्राहीपर्यंत पोचते आणि खरोखरच गुण येतो. धोका त्यातच आहे. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की मेंदू अधिवृक्क ग्रंथीला 'आता पुरे' असा निरोप देतो आणि ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी करते. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आणि घाबरून पुडी एकदम बंद केली तर शरीराकडे स्वतःचे कॉर्टिसॉल नसते, माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. म्हणून अशी पुडी घेणाऱ्याला 'आजच बंद करा' असे सांगू नये, 'पुडी घेऊन डॉक्टरांकडे चला' असे सांगावे. आमच्या दृष्टीने हे वाक्य सगळ्या कोष्टकापेक्षा मोलाचे आहे.

आता दुसरा रकाना, ग्राहीचा. यासाठी तासगावच्या बागेत जाऊ. जिबरेलिनची गोष्ट सुरू झाली भाताच्या एका रोगापासून. रोपे वेडीवाकडी उंच वाढत आणि लोळत. ही करामत एका बुरशीने सोडलेल्या रसायनाची आहे, हे कुरोसावा या जपानी संशोधकाने १९२६ साली दाखवले. पुढे कळले की वनस्पती स्वतःही हे रसायन बनवतात. द्राक्षात ते मुख्यतः बियांत तयार होते आणि त्यामुळे मणी फुगतो. थॉम्पसन सीडलेस किंवा तिच्यातून निवडलेली तास-ए-गणेश यांना पक्की बी नसते, म्हणून मणी बारीक राहतात. घड जीएच्या पाण्यात बुडवणे म्हणजे नसलेल्या बीचे काम बाहेरून करणे.

हे रसायन काम कसे करते? त्याचा ग्राही २००५ साली भातात सापडला. वनस्पतीच्या पेशीत वाढ रोखणारी काही प्रथिने असतात. त्यांना आपण ब्रेक म्हणू. जिबरेलिन ग्राहीवर बसले की हे ब्रेक मोडीत निघतात आणि वाढ सुरू होते. हरितक्रांतीतला बुटका गहू आठवा. त्याच्या ब्रेकमध्येच असा बदल आहे की जिबरेलिन असूनही तो मोडत नाही. म्हणून ताट आखूड राहते आणि जड ओंबी पेलते.

आता त्या मुलाचे उत्तर देता येते. हा ग्राही वनस्पतींत असतो, माणसात नसतो. तेव्हा द्राक्षातले जिबरेलिन माणसाला संप्रेरक म्हणून काही सांगू शकत नाही. पण इथे घाई नको. ग्राही नाही म्हणजे पदार्थ कितीही प्रमाणात निर्धोक, असे ठरत नाही. ते तपासायचे शास्त्र वेगळे आहे आणि त्यासाठीच अवशेषांच्या मर्यादा ठरवतात. २०१० साली भारतातून युरोपला गेलेली द्राक्षे अडली ती क्लोरमेक्वाटच्या अवशेषांमुळे. हे क्लोरमेक्वाट, बागायतदारांचे 'सीसीसी', झाडाला जिबरेलिन बनवू देत नाही. ते का वापरतात? द्राक्षाच्या डोळ्यात घड आणि बाळी यांचा उगम एकच असतो. जिबरेलिन जास्त झाले की घड जिरतो आणि त्याची बाळी होते. म्हणजे जे रसायन छाटणीनंतरच्या एका काळात घड बुडवते, तेच दुसऱ्या काळात मणी फुगवते. आणि ज्याला सगळे 'संजीवक' म्हणतात ते सीसीसी संप्रेरक नसून संप्रेरकाचा विरोधक आहे. ऐकणाऱ्या पेशीची अवस्था बदलली की निरोपाचा अर्थ बदलतो, हे याहून चांगले कुठे शिकवता येईल?

याचेच दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्यात फलटणला आहे. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधल्या गारोळ या लहान चणीच्या मेंढीतले एक जनुक आपल्या दख्खनी मेंढ्यांत आणले आणि जुळी देणारी 'नारी सुवर्णा' ही जात तयार केली. ते जनुक कोणते, हे २००१ साली कळले. ते संप्रेरकाचे नाही, एका ग्राहीचे आहे. त्यातल्या छोट्या बदलाने अंडाशयातल्या पेशींचा प्रतिसाद बदलतो आणि एकाऐवजी दोन, कधी त्याहून जास्त अंडी पक्व होतात. म्हणजे रेडिओची जुळणी बदलली आणि मेंढपाळाला एकाच्या जागी दोन कोकरे मिळाली. ग्राहीचा रकाना नसलेल्या कोष्टकात ही मेंढी बसतच नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. नववीच्या मुलांवर आणखी ओझे कशाला? आम्हीही यावर बराच वाद घातला. आमचे म्हणणे असे की दोन रकाने वाढवावेत आणि ओळी निम्म्या कराव्यात. वीस संप्रेरकांची नावे पाठ करण्यापेक्षा पाच नीट समजावीत: इन्सुलिन, अ‍ॅड्रेनलीन, थायरॉक्सिन, कॉर्टिसॉल आणि आपल्या भागातले एक, मग ते ऑक्सिटोसिन असो की जिबरेलिन. उरलेली नावे पुस्तकात पाहता येतात.

गणितही त्यातच करून घेता येते. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम जीए म्हणजे दहा लाख भागांत १० भाग. मग ५० लिटरमध्ये ४० भागांचे द्रावण करायला किती जीए लागेल? उत्तर २ ग्रॅम. बागायतदाराचे मूल हे चटकन सांगते आणि इतक्या कमी प्रमाणात संप्रेरक काम करते, हे पुस्तकातले वाक्य त्याला पहिल्यांदा पटते.

पाठ्यपुस्तक बदलेल तेव्हा बदलेल. फळ्यावर मात्र चारऐवजी सहा रकाने आखायला कोणाची परवानगी लागत नाही. आम्ही यंदा तसे आखले. परीक्षेतले गुण वाढले की नाही ते अजून पाहिलेले नाही. कोरेगावच्या त्या मुलीने मात्र घरी जाऊन आजीला सांगितले, "दूध प्यायला हरकत नाही, पण म्हशीला सुई नको." आजीने दुसरे वाक्य लगेच मान्य केले. पहिल्यावर त्यांचा वाद अजून चालू आहे.